मोठ्या बाजामागची टाचणी

टाचणीताईंना खऱ्या नावाने हाक मारणारे आता शहरात कोणी उरलेले नाही. रेडिएटर दुरुस्तीच्या त्यांच्या दुकानात येणारे ट्रकचालक त्यांना ताई म्हणतात, बँडमधली मुले टाचणीताई म्हणतात, आणि त्यांच्या वयाची जी दोन-चार माणसे शिल्लक आहेत ती नुसते 'टाचणी' म्हणून मोकळी होतात. अंगाने त्या आजही तशाच आहेत. बँड रस्त्याने निघाला की शेवटच्या रांगेत एक भला मोठा ट्यूबा, म्हणजे बँडमधला सर्वांत मोठा पितळी बाजा, आपला आपणच चालत येत आहे, असे लांबून वाटते. जवळ आल्यावर त्याच्याखाली दोन बारीक पाय दिसतात आणि कडेला उभे असलेले लोक हसतात. ताई हसत नाहीत, कारण त्या वेळी त्यांच्या तोंडाला काम असते.

नवीन मूल बँडमध्ये आले आणि पहिल्याच आठवड्यात रडकुंडीला येऊन "मला नाही जमणार" म्हणू लागले, तर ताई त्याला उपदेश करीत नाहीत. त्याला दुकानातल्या बाकावर बसवतात, हातातले डाख लावण्याचे काम चालू ठेवतात आणि उन्हाळी शिबिराची हकीकत सांगतात. सांगताना स्वतःकडे मोठेपणा घेत नाहीत आणि कोणाला नावेही ठेवत नाहीत. ती हकीकत अशी आहे.

टाचणीच्या वडिलांना सगळे रेडिएटरवाले म्हणत. गाडीचा रेडिएटर त्या काळी पितळेचा असे आणि बँडचा बाजाही पितळेचा, त्यामुळे मुलांच्या बँडमधले पोचे आलेले बाजे दुरुस्तीसाठी त्यांच्याकडेच येत. रेडिएटर गळतो की नाही हे पाहण्याची त्यांची रीत साधी होती. एक तोंड बुचाने बंद करायचे, रेडिएटर पाण्याच्या टाकीत बुडवायचा, आणि दुसऱ्या तोंडाला रबरी नळी लावून फुंकायचे. बुडबुडे जेथून येतील तेथे भोक. फुंकण्याचे काम टाचणीकडे असे. वडील टाकीवर वाकून म्हणत, "सावकाश. एकसारखं. मध्येच तोडू नकोस, मला भोक सापडू दे." आणि टाचणी गाल न फुगवता, डोळे मिटून, भोक सापडेपर्यंत फुंकत राही.

एकदा बँडचे मास्तर एक दुरुस्त केलेला कॉर्नेट घ्यायला आले. कॉर्नेट म्हणजे पितळी बँडमधला लहान बाजा. गाण्याची चाल तोच वाजवतो, म्हणून तो पुढे बसतो आणि लोकांच्या नजरेत भरतो. तो गळतो का हे पाहण्यासाठी टाचणीने सवयीप्रमाणे फुंकले, तर त्यातून स्वच्छ सूर आला. मास्तर दारातच थांबले.

"रेडिएटरवाले, ही पोर कोणाकडे शिकली?"

"कोणाकडे नाही. टाकीत फुंकते."

"मग तिला जरा माझ्याकडे फुंकू द्या."

अशा रीतीने टाचणी बँडमध्ये आली. पण मुलांच्या या बँडची एक अडचण होती. मुले पुष्कळ होती आणि बाजे थोडे. म्हणून मास्तरांनी एक नियम केला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन आठवड्यांचे शिबिर होत असे आणि त्याच्या शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम. त्या कार्यक्रमात जो वाजवील त्याने आपला बाजा वर्षभरासाठी घरी न्यायचा. जो वाजवणार नाही त्याने तो कपाटात ठेवायचा आणि पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहायची.

वडिलांनी त्याला आपला एक नियम जोडला. शिबिराला निघण्याच्या सकाळी ते टाचणीला म्हणाले, "हा एक उन्हाळा तुझा. कॉर्नेट घेऊन घरी आलीस, तर कर काय करायचं ते. हात हलवत आलीस, तर शाळा सुटल्यावर दुकान, आणि बँडचं नाव काढायचं नाही. मला टाकीपाशी माणूस लागतं."

टाचणी तेव्हा तेरा वर्षांची होती. ती म्हणाली, "घेऊन येईन."

शिबिर शहराबाहेरच्या एका निवासी शाळेत होते. सुट्टीमुळे शाळा रिकामी होती. वर्गांत खाटा मांडल्या होत्या, न्हाणीघरात नळांची लांब रांग होती, आणि सकाळी त्या रांगेत सगळी मुले दात घासून झाल्यावर आपापल्या बाजाचा माउथपीस, म्हणजे ओठांना लावायचे सुटे तोंड, धूत. सराव जेवणघरात होई. टेबले भिंतीला लावून मध्ये खुर्च्या मांडलेल्या असत. बाजा वाजवताना श्वासाची वाफ आत जमून पाणी होते आणि ते मधूनमधून काढावे लागते. त्यामुळे दुपारपर्यंत फरशीवर जागोजागी लहान डबकी साचत. शाळेतली स्वयंपाकीणबाई नाक मुरडून म्हणे, "सगळी थुंकी माझ्या फरशीवर!" मास्तर प्रत्येक वेळी गंभीरपणे उत्तर देत, "थुंकी नव्हे बाई, वाफ." बाई म्हणत, "मग वाफ तुम्हीच पुसा." आणि मास्तर खरोखर पुसत.

जेवणघर अरुंद असल्यामुळे रांगा दाटीने बसल्या होत्या. टाचणीच्या मागच्या रांगेत ट्रॉम्बोन वाजवणारा लंबू बसे. ट्रॉम्बोनला एक सरकती नळी असते. ती पुढे ढकलली की सूर खाली जातो, आणि अगदी खालच्या सुराला ती पुढच्या माणसाच्या कानाशी येते. हे सगळ्यांना माहीत होते, म्हणून ट्रॉम्बोनच्या पुढे बसणारा कधी मागे वळत नसे. पहिल्या आठवड्याच्या शेवटी टाचणी वळली. तिचा माउथपीस घरंगळून मागे गेला होता, तो घ्यायला ती वळून वाकली, आणि त्याच क्षणी लंबूने खालचा सूर घेतला.

नळीचे टोक थेट तिच्या तोंडावर बसले. वरचा ओठ फाटला आणि पुढच्या दाताचा कोपरा उडाला.

लंबूचा चेहरा पांढरा पडला. "अगं, माझा हात पुढे गेला, आणि तू तिथे... तू तिथे कशी आलीस?"

टाचणीने रुमाल तोंडावर दाबून धरला होता. त्यातूनच ती म्हणाली, "मी तिथेच बसते, लंबू."

ट्रॉम्बोनच्या पुढची खुर्ची रिकामी ठेवण्याची रीत त्या दिवसापासून पडली. मुले तिला आजही टाचणीची खुर्ची म्हणतात, आणि नवीन कोणी चुकून तिच्यावर बसले तर आरडाओरडा करून उठवतात.

दातांच्या डॉक्टरांनी ओठाला टाका घातला आणि स्पष्ट सांगितले की दोन महिने कॉर्नेट तोंडाला लावायचा नाही. कॉर्नेटचा माउथपीस अंगठीएवढा. त्याची कड नेमकी त्या जखमेवर दाबली जाणार होती. मास्तरांनी टाचणीला शेजारी बसवून हे समजावले आणि म्हणाले, "वाईट झालं. पण तू लहान आहेस. पुढचा उन्हाळा आहेच की."

पुढचा उन्हाळा टाचणीसाठी नव्हता. ते मास्तरांना माहीत नव्हते आणि तिने सांगितलेही नाही. ती तीन दिवस भिंतीशी बसून सराव पाहत राहिली आणि वाटीने कोमट दूध पीत राहिली. चौथ्या दिवशी तिने कोपऱ्याकडे बोट दाखवले. तेथे एक ट्यूबा पालथा ठेवलेला होता.

"मास्तर, तो कोणाचा?"

"ज्याचा आहे त्याला गालगुंड झालंय. गाल बाजाएवढे झालेत. तो काही येत नाही."

"मग मी घेते."

मास्तर हसले. "तू त्याला घेणार? अगं, तोच तुला घेईल. आत पडलीस तर काढायचं कोणी?"

सगळी रांग खिदळली. टाचणी मात्र हसली नाही. "बोटं तीच आहेत ना?" तिने विचारले.

प्रश्न बरोबर होता. अशा पितळी बँडमध्ये सर्वांत लहान कॉर्नेटपासून सर्वांत मोठ्या ट्यूबापर्यंत तीन व्हॉल्व्ह, म्हणजे बोटांखालच्या कळा, दाबण्याची पद्धत एकच असते. ज्याला एक वाजवता आला त्याची बोटे दुसऱ्यावर चुकत नाहीत. बदलतो तो श्वास. शिवाय ट्यूबाचा माउथपीस एवढा मोठा असतो की टाचणीचे दोन्ही ओठ त्याच्या आत मावत होते आणि कड जखमेच्या बाहेर राहत होती.

मास्तरांनी बराच वेळ विचार केला. शेवटी त्यांनी तिला खरी अडचण सांगितली. कार्यक्रमाचे अखेरचे गीत संथ होते. त्याच्या शेवटी एकेक बाजा थांबत जातो आणि फक्त ट्यूबाचा एक लांब सूर मागे राहतो. तो सूर एका माणसाच्या श्वासात मावत नाही. त्यासाठी दोघे लागतात. एकाने श्वास घेताना दुसऱ्याने वाजवत राहायचे, म्हणजे ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटतो. दुसरा ट्यूबावाला आजारी पडल्यामुळे मास्तरांनी तो शेवट कापून टाकायचे ठरवले होते.

"मला तो शेवट हवा आहे," मास्तर म्हणाले. "शनिवारी, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, बघू. सूर तुटला नाही, तर तू वाजवशील. तुटला, तर शेवट कापायचा आणि तू समोर पालकांत बसायचं. कबूल?"

"कबूल."

उरलेला ट्यूबा वाजवणारा मुलगा सोळा वर्षांचा होता आणि त्याला सगळे पिंप म्हणत. अंगाने तो त्या नावाला शोभत होता आणि स्वभावाने अतिशय सुस्त होता. टाचणी शेजारी येऊन बसली तेव्हा त्याने तिच्याकडे खालपासून वर पाहिले. त्याला फार वेळ लागला नाही.

"फुंक," तो म्हणाला.

तिने फुंकले. ट्यूबातून वारा आला, सूर आला नाही.

"चहा गार करतेस काय? पोटातून सोड."

पुन्हा वारा. तिसऱ्या वेळी एक बेसूर डरकाळी आली आणि टाचणीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने खुर्चीचा हात धरला.

"घेरी आली ना?" पिंप समाधानाने म्हणाला. "येतेच. मला पहिल्या दिवशी दोनदा आली होती. दुसऱ्यांदा मी मुद्दाम पडलो, म्हणजे सुट्टी मिळते."

"मला सुट्टी नको आहे."

"मग अवघड आहे बाई तुझं."

त्यानंतर टाचणीने जे केले ते बघून पिंपचा सुस्तपणाही थोडा हलला. सकाळी मुले न्हाणीघरात जाण्याआधी ती जेवणघरात येऊन फरशीवर उताणी झोपे, पोटावर शाळेच्या ग्रंथालयातले जाडजूड कोश ठेवी आणि श्वासाने ते वर उचली. दुपारी ती भिंतीला कागद लावून, हात सोडून, नुसत्या फुंकरीने तो तेथे धरून ठेवण्याचा प्रयत्न करी. पहिल्यांदा कागद लगेच खाली पडे. ती उचले, पुन्हा लावी. स्वयंपाकीणबाईने एकदा हे पाहिले आणि म्हणाली, "पोरी, भिंतीला खिळा मारून देऊ का?" टाचणीने मान हलवली. बोलायला तोंड मोकळे नव्हते.

श्वासाच्या जागा तिने आणि पिंपने ठरवून घेतल्या. मास्तरांचा हात जेव्हा डावीकडे जाईल तेव्हा पिंपने श्वास घ्यायचा. उजवीकडे जाईल तेव्हा टाचणीने. दुसऱ्याची जागा असताना जीव गेला तरी आपण घ्यायचा नाही. हा त्यांचा करार होता.

दुसऱ्या रविवारी पालकांना भेटायला येण्याची मुभा होती. वडील दुकान बंद करून बसने आले. टाचणी अंगणात ट्यूबा मांडीवर घेऊन बसली होती. आधी त्यांना बाजा दिसला, मग त्यामागचा ओठ दिसला.

"हे काय?"

तिने सांगितले. वडिलांनी तिची हनुवटी धरून ओठ उजेडाकडे वळवला आणि दात पाहिला. मग म्हणाले, "चल. सामान आवर."

"नाही बाबा."

"नाही काय? दात तुटलाय, ओठ शिवलाय. घरी आई माझं डोकं खाईल. आवर म्हणतो ना."

"मी पुढच्या रविवारी वाजवणार आहे."

"काय वाजवणार? हे?" त्यांनी ट्यूबाच्या तोंडावर बोटांनी टकटक केली. "हे भांडं आहे. यात पाणी भरून ठेवतात. मी तुला कॉर्नेटला पाठवलं होतं. पुढे बसशील, चाल वाजवशील, चार लोक म्हणतील रेडिएटरवाल्याची पोर. याच्यामागे तू दिसशील तरी का? आणि एवढ्याशा छातीत एवढ्या बाजाचा श्वास कुठून आणणार आहेस तू?"

टाचणीने ट्यूबा बाजूला ठेवला नाही. त्याच्यावर हात ठेवूनच ती म्हणाली, "बाबा, टाकीपाशी फुंकायला बसवता तेव्हा माझी छाती पुरते ना तुम्हाला? तेव्हा कधी म्हणता का, पोर लहान आहे, थांब म्हणून? भोक सापडेपर्यंत फुंकते मी. मग इथे मी लहान कशी झाले?"

वडिलांना या बोलण्याची अपेक्षा नव्हती. त्यांनी खिशातून रुमाल काढला, घाम नसताना कपाळ पुसले आणि रुमाल परत ठेवला.

"फार बोलायला लागलीस," ते म्हणाले.

"ओठ दुखतोय, तरी बोलतेय. यावरून समजा."

शेजारच्या बाकावर बसलेला पिंप हे ऐकत होता. त्याने तोंड दुसरीकडे वळवले, पण त्याचे खांदे हलत होते.

वडील उठले. "बरं. रविवारी मी येतो. वाजवलंस आणि बाजा हातात असला, तर मी शब्द फिरवणार नाही, मग तो कॉर्नेट असो की हे भांडं. नाही जमलं, तर पुन्हा हट्ट नाही. सोमवारपासून दुकान."

"ठरलं," टाचणी म्हणाली.

शनिवार आला. मास्तरांनी सगळ्या बँडला अखेरचे गीत वाजवायला लावले. एकेक बाजा थांबत गेला. जेवणघरात फक्त दोन ट्यूबांचा सूर उरला, फरशीतून निघावा तसा. मास्तरांचा हात डावीकडे गेला, पिंपने श्वास घेतला, टाचणीने सूर धरला. हात उजवीकडे गेला, टाचणीने श्वास घेतला. आणि तेवढ्यात पिंपनेही घेतला.

सूर तुटला. क्षणभरच, पण जेवणघर इतके शांत होते की नळाचा थेंब पडलेला ऐकू आला.

मास्तरांनी हात खाली केला. "भोक पडलं," ते म्हणाले आणि कागद आवरू लागले.

टाचणी पिंपकडे वळली. "तू का घेतलास? माझी जागा होती ती."

पिंप खाली पाहू लागला. "तू दमली होतीस. कान लाल झाले होते तुझे. म्हटलं, आपण आधीच छाती भरून घ्यावी, म्हणजे तू सोडलास तर मी धरीन."

"मी सोडणार होते, असं कोणी सांगितलं तुला?"

"मदत करायला गेलो गं मी!"

"मला मदत नको. तू तुझ्या जागी श्वास घे, माझी कीव करू नकोस. तुझ्या मदतीमुळे मी सोमवारी टाकीपाशी बसणार आहे, कळतंय का तुला?"

मास्तरांनी विचारले, तेव्हा कुठे त्यांना आणि बाकीच्या बँडला तिच्या वडिलांची अट कळली. लंबू मागच्या रांगेतून उठून पुढे आला. मास्तरांच्या समोर उभा राहून तो म्हणाला, "मास्तर, दात मी तोडला. माझा ट्रॉम्बोन कपाटात ठेवा, तिला बाजा द्या."

"खाली बस," टाचणी म्हणाली. "तुझा ट्रॉम्बोन घेऊन मी काय करू? मला वाजवून न्यायचा आहे."

मास्तर खिडकीशी जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांनी निर्णय सांगितला. "मी नियम मोडत नाही. पण शनिवार अजून संपलेला नाही, आणि उद्याचा शेवट माझ्या हातात आहे. उद्या मी त्या जागी आलो की तुमच्या दोघांकडे बघेन. मूठ मिटली, तर सगळ्यांनी तिथेच थांबायचं, शेवट कापला, बाजाही कपाटात. तळहात उघडला, तर सूर धरायचा. धरून राहिला, तर बाजा तुझा. तुटला, तर कपाटात. पालकांसमोर तुटेल आणि नाव माझं जाईल, हे लक्षात ठेवा. आणि पिंप, तू उद्या कोणावरही उपकार करायचे नाहीस."

"नाही करणार, मास्तर," पिंप म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक त्याआधी कोणी ऐकला नव्हता.

रविवारी जेवणघरात पालक बसले. काही उभे होते. वडील मधल्या रांगेत होते, हाताची घडी घालून. टाचणी शेवटच्या रांगेत ट्यूबाच्या मागे होती. तिला वडील दिसत होते. वडिलांना ती दिसत होती की नाही हे तिला सांगता आले नसते.

गीते झाली. अखेरचे गीत सुरू झाले. कॉर्नेट थांबले, मग मधले बाजे, मग लंबूचा ट्रॉम्बोन. मास्तरांचा उजवा हात हवेत होता आणि तो मिटत चालला होता. त्यांनी ट्यूबांकडे पाहिले. टाचणीने त्यांच्या डोळ्यांत पाहिले आणि नजर हलवली नाही. बोटे मिटता मिटता थांबली आणि तळहात उघडला.

दोघांनी सूर धरला. हात डावीकडे, पिंपचा श्वास. हात उजवीकडे, टाचणीचा. आणि मग कोणाच्याही हिशोबात नव्हते ते घडले. बाकीचा बँड गप्प झालेला पाहून पालकांना वाटले की कार्यक्रम संपला. पहिल्या रांगेत कोणी टाळी वाजवली आणि पाठोपाठ सगळे जेवणघर कडाडले.

मास्तरांचा हात खाली आला नाही.

टाचणीला स्वतःचा सूर ऐकू येईनासा झाला आणि पिंपचाही. शेजारचा माणूस वाजवतो आहे की श्वास घेतो आहे, हे कळायला मार्ग उरला नाही. पिंपला पुन्हा तिची दया आली असेल तर सूर केव्हाच तुटला असेल, असे तिच्या मनात आले. घाईने एक श्वास चोरून घ्यावा, असेही आले. छाती जळत होती. ओठाची खपली उकलली होती आणि तोंडात रक्ताची चव होती. पण हात डावीकडे होता. ती पिंपची जागा होती. तिने श्वास घेतला नाही. हात उजवीकडे गेला तेव्हाच घेतला, आणि पुन्हा धरला.

टाळ्या हळूहळू विरत गेल्या. आधी पुढचे थांबले, मग मागचे, मग दाराशी उभे असलेले. लोक एकमेकांकडे पाहू लागले. टाळ्यांच्या खालून सूर बाहेर आला. तो होता तसाच होता, अखंड, खुर्च्यांच्या पायांतून जाणवणारा. वडिलांनी हातांची घडी सोडली आणि समोरच्या खुर्चीच्या पाठीवर तळहात ठेवला, थरथर तपासावी तसा. मग मास्तरांनी हात खाली आणला आणि सगळे शांत झाले. या वेळी टाळी वाजवायला कोणी लवकर धजले नाही.

पिंपने खुर्चीवर मागे रेलून डोळे मिटले. "बाई," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी गालगुंडवाला बरा."

कार्यक्रमानंतर कपाटापाशी रांग लागली. ज्यांनी वाजवले नव्हते ती मुले आपले बाजे आत ठेवत होती. टाचणी ट्यूबा कवटाळून रांगेच्या बाहेर उभी होती. मास्तर आले, त्यांनी कपाटाला कुलूप घातले आणि तिच्या वडिलांना म्हणाले, "रेडिएटरवाले, हा तुमच्या घरी चालला. बसमध्ये मावतो का ते बघा."

वडिलांनी ट्यूबाकडे पाहिले, मुलीच्या ओठाकडे पाहिले. "एवढं सगळं झालं," ते म्हणाले, "पण खरं सांगू? यात तुझा आवाज कोणता, ते मला ओळखूच आलं नाही."

"उद्या घरी ऐका," टाचणी म्हणाली.

बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "हे मागे टाका, वाटेत नको." वडील म्हणाले, "मागे नाही, पोचा येईल," आणि त्यांनी ट्यूबा स्वतःच्या मांडीवर घेतला. पुढच्या बाकावरचा एक गृहस्थ कौतुकाने वळला. "तुम्ही वाजवता वाटतं?"

"मी नाही. ही."

गृहस्थाने टाचणीकडे पाहिले, बाजाकडे पाहिले, आणि पुन्हा टाचणीकडे पाहिले. "ही?"

"ही," वडील म्हणाले. "तुम्हाला पटायचं नाही. मलाही पटत नव्हतं." मग थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघत, त्यांनी तिला विचारले, "रोज वाजवावा लागतो का गं?"

"रोज."

"किती वेळ?"

"छाती भरेपर्यंत."

"आणि दुकान?"

"दुकान, वाजवून झाल्यावर."

ट्यूबा घसरू लागला होता, तो वडिलांनी नीट वर ओढून घेतला.

घर तिसऱ्या मजल्यावर होते. उतरल्यावर वडील बाजा खांद्यावर घेऊ लागले, तेव्हा टाचणीने तो त्यांच्या हातून काढून घेतला. जिना ती एकटीच चढली. दोन ठिकाणी ती भिंतीला टेकून थांबली, पण बाजा खाली ठेवला नाही. वडील एक पायरी मागे राहून, दोन्ही हात पुढे धरून, पण न लावता, तिच्यामागे वर आले.